घर क्रमांक तेवीस

लेख पाठवण्याच्या सूचनांमध्ये तिसरी अट अशी होती की लेखकाची ओळख पटेल असा कोणताही मजकूर हस्तलिखितात ठेवू नये. नाव नको, संस्था नको, आभार नकोत. परीक्षकाला लेखक कोण ते कळू नये आणि लेखकाला परीक्षक कोण ते. कायद्याच्या नियतकालिकांची ही जुनी रीत आहे आणि मला ती पटते.

मसोली गावातल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत बसून मी लॅपटॉपवर दादाचं नाव शोधायला लावलं. एकोणीस ठिकाणी सापडलं. सगळी एका झटक्यात बदलता येतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते एकेक करून काढलं आणि प्रत्येक जागी 'नोंदकर्ता' असं लिहिलं. माझ्या मोठ्या भावाला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्याचं नाव आधी एकदा दुसऱ्याने पुसलं होतं. आता मी पुसत होते, ते परत छापून आणण्यासाठी. लेख मतदानाच्या हक्कावर होता. पण तो पाठवायचं बटण दाबताना माझ्या मनात ना हक्क होते ना लोकशाही. एका माणसाला खाली बघायला लावायचं, एवढंच होतं.

मी डहाणूच्या कोर्टात वकिली करते. ती फार चालत नाही, कारण मला बोलण्यापेक्षा वाचायला आवडतं आणि हे अशिलांना लगेच कळतं. आमचं घर मासेमारीचं. वडील बोटीवर होते, वहिनी आजही बोंबील वाळवून बाजारात विकते. दादा घरातला पहिला मास्तर. तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत तो सतरा वर्षं होता. मास्तरांच्या गळ्यात शाळेबाहेरची जी कामं पडतात त्यांत त्याच्याकडे मतदार यादीचं काम आलं. घरोघर जायचं, यादीतला माणूस तिथे राहतो का ते पाहायचं, नवी नावं घ्यायची, गेलेल्यांची कळवायची. बाकीचे मास्तर या कामाला वैतागत. दादाने त्यासाठी दोनशे पानांची वेगळी वही घातली आणि पाड्यावरच्या प्रत्येक घराला स्वतःचा एक क्रमांक दिला.

दिवाळीनंतर त्या पाड्यावरची बरीच घरं बंद होतात. कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी गुजरातेत बोटींवर खलाशी म्हणून, कोणी बागांच्या कामाला. कुलूप घालायची रीत नाही. जाताना दार ओढून घेतात आणि बाहेरून बोरीची काटेरी फांदी आडवी लावतात. गुरं-कुत्री आत शिरू नयेत हा तिचा एक उपयोग. दुसरा असा की आम्ही कामाला गेलोय, पावसाआधी येतो, घरावर नजर असू द्या, हा निरोप ती सगळ्यांना देते. जो कायमचा जातो तो फांदी लावत नाही. तो दारच काढून नेतो. कौलं उतरवतो, खांब उपटतो, कारण दुसरीकडे घर उभं करायला त्याला तेच लागतं. मागे उरतं ते नुसतं जोतं. म्हणजे त्या पाड्यावर बंद दार हा माणूस परत येणार असल्याचा पुरावा आहे.

दादाला हे उमजायला दोन वर्षं लागली. मग त्याने वहीत फांदीसाठी एक तिरपी रेघ ठरवली आणि रिकाम्या जोत्यासाठी एक गोल. कायद्यातही हेच वेगळ्या शब्दांत आहे. कामापुरता बाहेर गेलेला माणूस केवळ तेवढ्यावरून आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. ते कलम मी दादाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे फांदीच लिहिलीय की त्यांनी."

पहिल्याच वर्षी त्याच्याकडून एक चूक झाली होती. बावीस क्रमांकाच्या घराला लागून एक कुडाचं खोपट होतं. दार बंद, फांदी आडवी. त्याने लिहून टाकलं, घर क्रमांक तेवीस, बंद. महिनाभराने कळलं की तो बावीसवालीचा बकऱ्यांचा गोठा. तिथली फांदी बकऱ्या बाहेर पडू नयेत म्हणून. तेवीस खोडावा तर पुढचे सगळे क्रमांक सरकले असते. म्हणून त्याने वहीच्या शेवटच्या पानावर 'शुद्धिपत्र' असा मथळा घातला आणि खाली लिहिलं, 'क्र. २३ हे घर नाही. बकऱ्यांचा गोठा आहे. चूक माझी.' पुढे रेघ आणि गोल ठरल्यावर त्याच पानावर त्यांचा अर्थ लिहिला. पुढच्या पानांवर मात्र दर वर्षी तेवीससमोर तो गमतीने तिरपी रेघ मारत राहिला. बावीसवाली त्याला हसायची. "गुरुजी, बकऱ्यांना पण मत देतास काय?"

ती वही सरांपर्यंत माझ्यामुळे पोचली.

सरांनी मला कायद्याच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवलं. निवृत्तीनंतर ते बोर्डीला राहायला आले, चिकूची छोटी वाडी घेतली. माझ्या गावाजवळ माझे सर आले याचा मला अभिमान वाटायचा. एकदा त्यांना जेवायला बोलावलं. वहिनीने ओल्या बोंबलाचं कालवण केलं होतं, ते त्यांनी दोनदा मागून घेतलं. जेवताना दादाने फांदीची गोष्ट सांगितली. मी मुद्दाम लिहिते आहे की सांगितली. फांदी म्हणजे येणार, जोतं म्हणजे गेला, असं अगदी मुलांना शिकवावं तसं बोटं धरून सांगितलं. सर म्हणाले, "फार इंटरेस्टिंग आहे."

मग ते वही घेऊन पडवीत बसले आणि मोबाइलवर पानांचे फोटो काढू लागले. खारं वारं सुटलं होतं, पानं उडत होती. मी शेजारी बसून प्रत्येक पान अंगठ्याने दाबून धरलं. शेवटच्या पानापर्यंत ते पोचले नाहीत. त्यांचा चहा आला.

पुढच्या वर्षी सरांचा लेख छापून आला. भटकतं मनुष्यबळ आणि मतदार यादीची शुद्धता, असा विषय. ज्यांची घरं बंद आहेत त्यांची नावं यादी फुगवतात, ती काढल्याशिवाय लोकशाही निर्मळ होणार नाही, असं प्रतिपादन. पुरावा म्हणून सीमेवरच्या एका पाड्याचा तक्ता. क्रमांक दादाचे, क्रम दादाचा. तिरपी रेघ जिथे जिथे होती तिथे तिथे एकच नोंद होती, 'कुटुंब स्थलांतरित.' बावीसपुढे तेच, तेवीसपुढे तेच. तळटीपेत, 'लेखकाचे प्रत्यक्ष सर्वेक्षण.'

दादाने तो लेख वाचला. मी म्हटलं, मी सरांशी बोलते. तो म्हणाला, "राहू दे. तुझे सर आहेत."

राहू दिलं. माझ्या आयुष्यातला हा एक निर्णय मला परत हवा आहे.

निवडणुकीच्या आधी एका कार्यकर्त्याने पाड्यावरच्या नावांवर गठ्ठ्याने हरकती घेतल्या आणि सोबत सरांच्या लेखाची झेरॉक्स जोडली. मोठ्या माणसाचा लेख, तक्ता, तळटिपा. सुनावणीला दादाला बोलावलं, कारण पडताळणी त्याची. त्याने हे मला सांगितलंच नाही. मी त्या दिवशी त्याच्यापासून तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या कुणाच्या तरी बांधाच्या भांडणात उभी होते. नंतर कळलं की त्याला विचारलं गेलं, हे क्रमांक तुमचेच ना? तो म्हणाला, "खुणा माझ्या आहेत, अर्थ माझा नाही." वाक्याचा पहिला अर्धा भाग लिहून घेतला गेला.

नऊ नावं गेली. मतदानाच्या दिवशी बावीसवाली भट्टीवरून दोन बस बदलून आली, रांगेत उभी राहिली आणि तिला परत पाठवलं. ती सरळ शाळेवर गेली. दादाला एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुझ्या वहीत मी गेलेली हाय म्हणं."

घरी येऊन त्याने वही कपाटावर टाकली. नंतर ती त्याने उघडली नाही. चैत्रात, शाळेतून आल्यावर पाय धुताना तो खाली बसला आणि उठला नाही. डॉक्टरांनी कारण लिहून दिलं, हृदयाचं. मी वकील आहे. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये किती अंतर असतं आणि ते सिद्ध करायला काय लागतं, हे मला माहीत आहे. सरांच्या लेखाने दादा गेला असं मी कोर्टात म्हणू शकणार नाही. इथे म्हणते.

दिवस झाल्यावर मी वही खाली काढली. ओळ न् ओळ वाचली. तेवीस क्रमांकाशी आले आणि कितीतरी दिवसांनी हसले. मग शेवटचं पान उघडलं, शुद्धिपत्र वाचलं, आणि माझ्या लक्षात आलं की दादा मला हत्यार देऊन गेला आहे.

एका रविवारी तलासरीची बस धरून मी पाड्यावर गेले. बावीसवाली अंगणात लाकडं फोडत होती. मला ओळखून तिने पाणी आणलं. मी गोठ्याकडे बोट दाखवून विचारलं, "या घरात कोण राहतं?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तिघी. एक गाभण हाय."

"एका मोठ्या माणसाने छापलंय की हे कुटुंब गाव सोडून गेलं."

ती कुऱ्हाड खाली ठेवून हसत बसली. "काल एक गेली व्हती. शेजारच्याचा वाल खाऊन आली. तो पण छाप म्हणाव."

"हसू नको. साक्ष द्यायचीय तुला."

"बकऱ्यांची?"

"हो."

"देते. त्यांचा तोंड बंद असतं, माझा नाय." मग लाकडं गोळा करता करता तिने विचारलं, "आन माझा काय छापलाय त्यानं?"

"तुझंही दार बंद होतं. म्हणून तूही गेलेली."

ती थांबली. दाराकडे पाहिलं. फांदी तिथेच कोपऱ्यात उभी करून ठेवलेली होती, पुढच्या वेळेसाठी. "मी गेली तं," ती म्हणाली, "फांदी कोणी लावली?"

माझ्या लेखाचा सगळा युक्तिवाद एवढाच होता. मी तो पंचवीस पानांत मांडला. मी गोठ्याचा फोटो काढला, बकऱ्यांसकट. तिचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. तिच्या अंगठ्याची शाई बघताना मला पडवीत पानं दाबून धरणारा माझा अंगठा आठवला.

कोर्टात जायच्या आधी, सकाळी, मी रोज दोन तास लिहायचे. वहिनी बाहेर बोंबील बांबूंवर टाकायची आणि मधूनच खिडकीतून विचारायची, "किती झालं?" मी म्हणायचे, अर्धं पान. कलमं, निवाडे, व्याख्या हे सगळं सावकाश रचलं. लेखाच्या मधोमध मात्र चार पानं अशी होती की ती मी एका बैठकीत लिहिली. त्यांत सर होते. नाव न घेता, पण कुणालाही ओळखता येईल असे. चोर हा शब्द दोनदा होता. त्या पानांवर माझा फार जीव होता.

लेख मी त्याच त्रैमासिकाकडे पाठवला जिथे सरांचा छापून आला होता. दुसरीकडे सहज घेतला गेला असता कदाचित. पण जिथे पुसलं तिथेच लिहिलं गेलं पाहिजे, असं मला वाटत होतं.

आठ महिन्यांनी दोन परीक्षकांचे अहवाल आले. पहिला बरा होता. निवाडे वाढवा, भाषा मवाळ करा, छापायला हरकत नाही. दुसरा नकाराचा होता. युक्तिवाद कच्चा, पुरावा एका वहीवर उभा, आणि वही कोणी ठेवली याला महत्त्व देण्याचं कारण नाही. शेवटचं वाक्य असं होतं: 'लेखिकेला दिवंगत बंधूंविषयी वाटणारी भावना समजण्यासारखी आहे, परंतु शोक म्हणजे संशोधन नव्हे.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग माझा लेख उघडला आणि शोधायला लावलं. भाऊ. नाही. बंधू. नाही. दिवंगत. नाही. लेखिका की लेखक हेसुद्धा कुठे नव्हतं. एकोणीस जागी फक्त नोंदकर्ता.

पेन्सिलीने त्या वाक्याखाली मी रेघ ओढली. तिरपी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डीला गेले. सर व्हरांड्यात बसून चिकू निवडत होते, पिकलेले एका टोपलीत, कच्चे दुसऱ्या. "ये, ये," म्हणाले. "किती दिवसांनी. दादांचं ऐकून फार वाईट वाटलं बघ. यायचं राहिलंच."

मी अहवालाचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. वेळ घेऊन वाचलं.

"हे गोपनीय असतं," ते म्हणाले.

"हो सर. तुम्हीच शिकवलंय."

"मग माझ्याकडे का आणलंस?"

"माझ्या लेखात भाऊ कुठल्या पानावर आहे ते विचारायला."

त्यांनी एक चिकू उचलून दाबून पाहिला आणि चुकीच्या टोपलीत टाकला. मग मोबाइल काढला, बोटाने बराच वेळ मागे मागे गेले आणि पडदा माझ्याकडे वळवला. वहीचं पान, आणि त्याच्या कोपऱ्यात माझा अंगठा. मासे साफ करताना लहानपणी विळीवर कापल्याची खूण त्यावर स्पष्ट दिसत होती.

"हा कोणाचा अंगठा?" सर म्हणाले. "पान तू धरलंयस. याला संमती म्हणतात. कोर्टात हेच म्हणशील ना तू?"

"वाचायची संमती होती सर. नेऊन विकायची नव्हती."

"विकायची काय भाषा करतेस. नोंदी कोणीही ठेवतो, ती कारकुनी झाली. विचार माझा आहे."

"तेवीस नंबरचं कुटुंब गाव सोडून गेलं, हा विचार?"

"एखादं घर इकडेतिकडे होतं अगं. फील्डवर्कमध्ये चालतं."

"घर नाही सर. बकऱ्या आहेत."

त्यांना आधी कळलं नाही. लेखाला जोडलेला फोटो त्यांनी पाहिलाच नव्हता, तो मी दाखवला. मग वहीच्या शेवटच्या पानाची प्रत दाखवली. 'चूक माझी' या शब्दांवर ते थांबलेले मी पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहायला मी दोन बस लागल्या असत्या तरी गेले असते, इथे तर एकच लागली होती. पण ते फार वेळ टिकलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि आवाज खाली आणला.

"हे बघ. ती मधली चार पानं काढ. मी संपादकांना नवीन अहवाल देतो, चांगला देतो. आणि यानंतर आपण एकत्र लिहू. माझं नाव असलं की तुझं पटकन होईल. दोघांच्या नावाने."

"तिघांच्या," मी म्हटलं.

"तिसरा कोण?"

मला टोचावं म्हणून ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. माझ्या घरी बसून ज्याच्याकडून फांदी शिकले तो माणूस त्यांच्या मोजणीत नव्हता. मी उठले. तोपर्यंत माझ्या मनात कुठे तरी एक दार किलकिलं होतं, सर माफी मागतील आणि मला माफ करावं लागेल अशा भीतीचं. ते त्या क्षणी लागलं.

निघताना त्यांनी पिशवीभर चिकू दिले, सवयीने. मीही सवयीने घेतले. पुढच्या रविवारी ते मी तेवीस क्रमांकाच्या रहिवाशांना खाऊ घातले. बावीसवाली म्हणाली, "कच्चे हाईत." पण त्यांनी खाल्ले.

संपादकांना मी दोन ओळींचा ईमेल केला. दुसऱ्या अहवालाच्या शेवटच्या वाक्यात माझ्या दिवंगत भावाचा उल्लेख आहे. माझ्या हस्तलिखितात तो कोणत्या पानावर आहे ते कृपया कळवावं, म्हणजे तिसऱ्या अटीचं पालन करून मला तो काढता येईल.

तीन दिवसांनी फोन आला. संपादक बाई होत्या, थकलेल्या आवाजाच्या. म्हणाल्या, "तो अहवाल आम्ही बाजूला ठेवलाय. लेख तिसऱ्या परीक्षकाकडे गेलाय. जास्त काही मला विचारू नका." तिसऱ्याने होकार दिला. मग बाईंचा पुन्हा फोन. "आता माझं एक ऐका. मधली चार पानं जायला हवीत."

"ती गेली तर लेखात काय राहिलं?"

"लेख राहील. ती चार पानं फिर्याद आहे. फिर्याद कोर्टात चालते, तुम्हाला ठाऊक आहे."

मी आठ दिवस त्यांना उत्तर दिलं नाही. त्या पानांसाठीच तर मी बाकीची एकवीस लिहिली होती. नवव्या दिवशी ती पानं मी परक्या माणसासारखी वाचली. त्यांत सर मोठे दिसत होते. खलनायक असले तरी मोठे. आणि मी ओरडत होते. दादा तर कुठेच नव्हता, सरांना बोलण्याच्या भरात मीही त्याला विसरले होते. मग मी सरांचा तक्ता घेतला आणि शेजारी आणखी एक रकाना आखला. डावीकडे त्यांची नोंद, उजवीकडे दादाच्या वहीतली, अर्थासकट. बावीस: 'कुटुंब स्थलांतरित', उजवीकडे 'फांदी. वीटभट्टीवर. ज्येष्ठात परत.' तेवीस: 'कुटुंब स्थलांतरित', उजवीकडे 'बकऱ्यांचा गोठा. छायाचित्र पाहा.' एकही विशेषण नाही. चार पानं मी काढून टाकली.

बाईंनी फोनवरच तो तक्ता उघडला. मला त्यांच्या माउसचा आवाज येत होता. मग एक छोटं हसू आलं, लगेच आवरलेलं. "एवढं पुरे आहे," त्या म्हणाल्या. मलाही तेव्हा कळलं की चोर म्हटलेला माणूस भांडू शकतो, पण बकऱ्यांचं काय करणार.

लेख मंजूर झाल्यावर नावं घालायची असतात. मी दादाचं नाव पहिलं घातलं, माझं दुसरं. लेखकांच्या सह्यांचा फॉर्म आला. दादाच्या रकान्यात वारस म्हणून वहिनीने सही केली. बोंबलाचे हात तिने आधी दोनदा धुतले, पदराला पुसले, आणि विचारलं, "इथे सही केली म्हणजे ते त्यांचं झालं?"

"होतंच त्याचं. आता छापलं जाईल."

"आणि त्या जेवून गेलेल्याचं काय?"

"त्याला पण सही करावी लागेल."

लागली. लेख छापून आल्यावर संपादकांनी सरांकडे खुलासा मागितला. त्यांनी म्हणे तीन मसुदे पाठवले. पहिल्यात गोठा नव्हता, दुसऱ्यात वही नव्हती. बाईंनी दोन्ही परत केले. तिसरा पुढच्या अंकात आला, शेवटच्या पानावर, सहा ओळींचा. मथळा 'शुद्धिपत्र'. तक्त्यातील क्रमांक तेवीस हे घर नसून गोठा आहे. बंद घरांचा अर्थ चुकीचा लावला गेला. मूळ नोंदवही अमुक यांची, आणि तिथे दादाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली सरांचं. मी ते पान फाडलं नाही, कापलं नाही. अंकच्या अंक रजिस्टर पोस्टाने बोर्डीला पाठवला, पोचपावतीसह. त्यांच्याकडे तो असणार हे मला माहीत होतं. मला त्यांची सही हवी होती. पोचपावती दादाच्या वहीत, शेवटच्या पानाला टाचून ठेवली आहे.

नऊ जणांची नावं पुन्हा घालायचे अर्ज मी भरले आणि प्रत्येकाला लेख जोडला. सात नावं आली. बावीसवालीचं आलं. दोघं बोटीवर आहेत, त्यांची सुनावणी व्हायची आहे. त्या सुनावणीला मी जाणार आहे.

मागच्या आठवड्यात सरांचा मेसेज आला. 'आता समाधान झालं असेल.' मी उत्तर दिलेलं नाही. वहिनीला वाचून दाखवला. ती बांबूवरचे बोंबील उलटत होती.

"झालं ना आता, वन्सं?" ती म्हणाली. "संपलं ना?"

मी तिला सांगितलं की सरांच्या तक्त्यात सत्तेचाळीस घरं आहेत. शुद्धिपत्रात नेमकेपणाने एकच आलंय, तेवीस. बाकीच्यांसाठी 'अर्थ चुकीचा लावला गेला' असं मोघम एक वाक्य आहे. मला प्रत्येक घराची वेगळी ओळ हवी आहे, त्यांच्या सहीची. मी सावकाश लिहिते, मला घाई नाही.

"मग आता?"

"रविवारी चोवीसला जाते."

तिने हातातला बोंबील बांबूवर टाकला. मग आत गेली. दादा गेल्यापासून तिने त्या वहीला हात लावला नव्हता. ती वही घेऊन बाहेर आली, सुक्या मासळीची एक जाड प्लास्टिकची पिशवी झटकली, वही तिच्यात घातली आणि तोंडाला गाठ मारली.

"आभाळ आलंय," ती म्हणाली. "भिजवू नकोस. आणि या वेळी पानं दुसऱ्या कोणासाठी धरू नकोस."